शनिवारची काडी

परवा मंडईत एका बाईनं मला धरूनच ठेवलं. "काकू, तुमी म्हनं देवाच्या गावाला जाऊन आलाय. तिकडं मेथी मिळती का?" मी म्हटलं, "मला तरी दिसली नाही बाई." "मग कशाला गेलता?" असं म्हणून तिनं जुडी पिशवीत कोंबली आणि चालायला लागली.

तेव्हापासून तिचा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. परत येऊन दोन वर्षं झाली, तरी रोज कुणी ना कुणी विचारतंच. तिकडं ऊन कसं, पाणी कसं, माणसं कशी. मी एकीला एक सांगते, दुसरीला दुसरं, आणि दोन्ही खरं असतं. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. शिवाय चटणीच्या बरणीखाली माझ्या लेकाचा एक कागद दाबून ठेवलाय. त्यावर मी सही केली तर मी पुन्हा तिकडं जाणार, कायमची. नाही केली तर इथंच राहणार. लिहिता लिहिता काही उमजलं तर उमजलं.

आधीच सांगते, मी शाळेत गेलेली नाही. यजमान संस्थानच्या मोजणी खात्यात होते. घरात नकाशे पसरलेले असायचे. त्यांच्यावरच्या गावांच्या नावांवरून मी अक्षरं आपली आपण उचलली. मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द म्हणजे 'कागल'. दुसरा 'कुरुंदवाड', आणि त्यानं मला आठवडाभर रडवलं.

शिवाजी पेठ

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इकडचे मराठी ज्यू. मूळचे कोकणातले, अलिबागच्या बाजूचे. फार पूर्वी म्हणे गलबत फुटलं आणि आमचे पूर्वज त्या किनाऱ्याला लागले. किती पूर्वी ते विचारू नका, सांगणारा दर वेळी शंभर वर्षं वाढवतो. लग्न होऊन मी कोल्हापूरला आले आणि शिवाजी पेठेत राहिले. पेठेत आमचं एकच घर. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते इथं कधी जमले नाहीत. यजमान होते तोवर ते आणि मी, नंतर मी एकटीच, पश्चिमेकडं तोंड करून म्हणायची. का, तर यरुशलेम तिकडं आहे म्हणून. मला वाटायचं, रंकाळ्याच्या थोडं पलीकडंच असेल.

आमच्यात शनिवार म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, लिहायचं नाही, दमडीला हात लावायचा नाही. पण हिवाळ्यात चहा तर लागतो. तर आमच्या समोर पारू राहते. तिच्या नवऱ्याच्या म्हशी. एरवी दूध तिचा नवरा घालायचा, पण शनिवारी सकाळी पारू स्वतः दूध घेऊन यायची आणि माझा स्टोव्ह पेटवून जायची. यातली गंमत अशी की आपण सांगायचं नसतं. "पारू, पेटव गं" असं म्हटलं की झालं आपणच पेटवल्यासारखं. म्हणून मी नुसतं म्हणायची, "आज गारठा फार." की पारू म्हणायची, "व्हय वैनी, कळलं, कळलं," आणि काडी ओढायची. बत्तीस वर्षं दर शनिवारी माझ्याकडं गारठा असायचा. वैशाखातसुद्धा.

यजमान गेले, संस्थान विलीन झालं, आणि सलोमनचं, माझ्या लेकाचं, संस्थानच्या कारखान्यातलं काम गेलं. त्याच सुमाराला त्याच्या हातात एक पत्रक आलं. तो वाचून दाखवायला लागला, सून सारा दाराला टेकून ऐकत होती, आणि पारू दुधाचं भांडं हातात धरून उभी.

"आई, इस्राएलच्या सरकारनं कायदा केलाय. जगात कुठंही आपला माणूस असो, त्यानं यायचं. विमानाचं भाडं त्यांचं, राहायची सोय त्यांची, काम त्यांचं."

पारू म्हणाली, "मग तुमचं काय?"

"आमचं फक्त जायचं."

"पन वैनी, तुमचं गाव अलिबागकडं न्हवं? ह्ये आनि कवा निघालं?"

आता हिला काय सांगू? वर्षानुवर्षं वल्हांडण सणाच्या रात्री आम्ही म्हणत आलो, 'पुढल्या वर्षी यरुशलेमात.' आजे म्हणाले, पणजे म्हणाले, मी म्हणाले. पण ते आपलं म्हणायचं असतं. 'पुन्हा या हं' असं पाहुण्याला म्हणतो तसं. खरंच कुणी गाठोडं बांधून दारात उभं राहील असं कुणाला वाटतं?

रुबी, माझी नात, तेव्हा सहा वर्षांची. तिनं सरळ सांगितलं, "आजी येणार असेल तर मी येणार." झालं. माझा निकाल तिनंच लावला.

निघताना पारूनं विचारलं, "परत येनार का न्हाई येवढं सांगा. म्हंजी तुमचं दूध दुसऱ्या कुनाला लावाय बरं."

मी म्हटलं, "एक वर्ष बघते."

"मग राहू दे," ती म्हणाली. "एक वरीस काय, वासरू मोठं हुईतवर जातंय."

निघालो

मिरजेला गाडी बदलली, मुंबईत अकरा दिवस धर्मशाळेत काढले, ते सगळं सांगत बसत नाही. विमानाचं मात्र सांगते. माझ्याबरोबर माझा पितळी स्टोव्ह होता. त्यातलं रॉकेल ओतून टाकायला लावलं, तरी वास राहिलाच. कांदा-लसूण चटणीची बरणी मी मांडीवर घेतली होती. विमान वर चढलं तसं बरणीचं झाकण आपोआप फुगून निघालं, आणि पुढच्या रांगेतला एक साहेब शिंकायला लागला तो समुद्र ओलांडेपर्यंत शिंकत होता. रुबीनं खिडकीतून बघून विचारलं, "आजी, आपली पेठ कुठली?" मी एका ढगाकडं बोट दाखवलं.

उतरल्यावर बरेच लोक खाली वाकून जमिनीचं चुंबन घेत होते. मीही वाकले. वाकताना साराचा हात धरला आणि तिची हिरवी बांगडी फुटली. आता हा शकुन म्हणायचा की अपशकुन? साराला विचारलं तर ती म्हणाली, "आई, चला, मागं रांग खोळंबलीय."

आमच्यात मोठ्या माणसाला भेटलं की त्याच्या बोटांना बोटं लावून मग आपली बोटं ओठांना लावतात. मला वाटलं, इथं तर सगळे आपलेच. म्हणून टेबलामागच्या कारकुनाची बोटं धरली. त्यानं चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. मी सलोमनकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता.

तंबूंचं गाव

आम्हाला दक्षिणेला, बेर्शेबाच्या बाजूला नेलं. तिथं घरं नव्हती, तंबू होते. ओळीनं शेकडो तंबू, मधे चिखल, कडेला पाण्याचा नळ आणि नळावर भांडण. नळावरच्या भांडणाचं मला फार बरं वाटलं. भाषा कळली नाही, पण कोण कुणाला काय म्हणतंय ते अगदी पेठेतल्यासारखं कळलं.

तंबू बघून मला एकदम वळिवड्याची आठवण आली. लढाईच्या काळात आपल्या वळिवड्याला पोलंडच्या बायकापोरांची छावणी होती, जुन्या माणसांना आठवत असेल. ती जागा मोजायला माझे यजमान गेले होते. मीही एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. डोक्याला रुमाल बांधलेल्या गोऱ्या बायका, गळ्यात क्रूस, बराकीपुढं टोमॅटोची रोपं. लढाई संपल्यावर म्हणे त्यांच्या सरकारनं सांगितलं, आता परत या. आणि त्यातल्या कितीतरी म्हणाल्या, तो देश आता आमचा राहिला नाही. मला तेव्हा त्यांचं नवल वाटलं होतं. आपला देश बोलावतोय आणि जायचं नाही म्हणजे काय? पुढं त्याच बराकींत सिंधी लोक आले. तेही आपल्या देशात आले होते, आणि त्यांतल्या एकानंही तो आधी बघितला नव्हता.

आणि आता मी तंबूत.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी काळसर पाव, काकडी, आंबट घट्ट दही आणि ऑलिव्ह नावाचं एक काळं फळ. जांभूळ समजून मी चार एकदम तोंडात टाकली. खारट! कडू! थुंकावं तर देवाची भूमी. गिळली. चहा देतात तो काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा, आणि साखर त्यात न घालता दातात धरायची. मी साराला म्हटलं, "यांना चहा कुणी शिकवला नाही वाटतं." ती म्हणाली, "यांना तुम्ही शिकवा." सून तेव्हापासूनच थोडी तिखट झाली होती. चिखलात राहून कोण गोड राहील?

पहिल्या संध्याकाळी मी प्रार्थनेला उभी राहिले आणि घोटाळाच झाला. तोंड कुणीकडं करायचं? साठ वर्षं मी पश्चिमेला बघत होते. सलोमन म्हणाला, "आई, इथून यरुशलेम उत्तरेला." उत्तरेकडं वळले तर समोर संडासाची रांग. मग थोडी तिरपी उभी राहिले.

तो शनिवार

आम्ही बुधवारी पोहोचलो होतो. शुक्रवारी रुबीला ताप भरला. संध्याकाळ व्हायच्या आत मी स्टोव्ह पेटवून बारीक करून ठेवला, म्हणजे शनिवारभर पाणी गरम राहील. पहाटे पाऊस आला. आपला पाऊस वरून पडतो, तो पाऊस आडवा आला. तंबूची एक बाजू उचलली गेली, पाणी थेट स्टोव्हवर, आणि स्टोव्ह विझला.

रुबी कुडकुडत होती. अंगावरच्या सगळ्या गोधड्या ओल्या. सलोमन आणि सारा डॉक्टरला शोधायला चालत निघाले. शनिवारी तिथं मोटारी बंद असतात. जाताना सलोमन म्हणाला, "आई, काहीतरी गरम दे तिला." म्हणून गेला. कसं द्यायचं ते सांगितलं नाही.

मी कोरड्या राहिलेल्या काडेपेटीकडं बघत बसले. साठ वर्षांत शनिवारी तिला हात लावला नव्हता. बत्तीस वर्षं पारू होती, त्याआधी तिची सासू, आणि माहेरी आगरी शेजारीण होती. मग म्हटलं, अगं, इथंही कुणी तरी असेलच की. सलोमन सांगत होता की इथं सगळे आपलेच, पण सगळेच आपले असं कुठं गाव असतं का?

आणि मला शेजारचा तंबू आठवला. तिथं एक म्हातारी होती. गोरी, डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत बूट. अगदी वळिवड्याची. गळ्यात क्रूस दिसला नव्हता, पण थंडीत बटणं लावलेली असतात. मी मनाशी पक्कं केलं, ही किरिस्ताव. हिला शनिवार नाही. हीच आपली इथली पारू.

डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर पडले. आणि काय बघते, ती म्हातारीही तिच्या तंबूतून निघून माझ्याकडंच येत होती. चिखलात आमची मधेच गाठ पडली.

आता सांगायचं नसतं, नुसतं सुचवायचं असतं. पण सुचवायला भाषा लागते हो! मी अंग चोळून "हू हू" केलं, गारठा दाखवला. तिनंही अंग चोळलं. "हू हू." मी मान डोलावली आणि माझ्या तंबूकडं बोट केलं. तिनं जोरात मान हलवली आणि तिच्या तंबूकडं बोट केलं. मला वाटलं, चहाला बोलावतेय. म्हणून शेवटी लाज सोडली आणि हातानं काडी ओढून दाखवली. तिचे डोळे मोठे झाले. तिनंही काडी ओढून दाखवली आणि माझ्या छातीवर बोट ठेवलं: तू.

मी म्हटलं, "मी नाही बाई! तू!"

ती पण काही तरी म्हणाली. म्हणजे तेच असणार.

मी म्हटलं, "मला शब्बाथ आहे."

तो शब्द तिनं उचलला. तिनं तो वेगळ्याच सुरात म्हटला, पण होता तोच. स्वतःच्या छातीवर हात ठेवून तीन-चारदा म्हटला. मग माझ्या साडीकडं बघितलं, डोक्यावरच्या पदराकडं, सावळ्या हातांकडं, आणि अशी संशयानं बघायला लागली की जणू मी तिचा शब्दच चोरला. मला रागच आला. मी तिथंच पावसात डोळे झाकून 'शेमा इस्राएल' म्हटलं, आमची पहिली प्रार्थना, जी आई मुलाला पाजता पाजता शिकवते. मी अर्धी म्हटली, उरलेली अर्धी तिनं म्हटली.

डोळे उघडले तर ती हसत होती. खाली दात नव्हते तिला. मीही हसायला लागले. म्हणजे बघा, ती मला परकी समजून काडी ओढायला बोलवायला आलेली, आणि मी तिला. दोघींनाही पारू पाहिजे होती, आणि त्या अख्ख्या देशात आम्हाला एक पारू सापडेना.

मग तंबूतून रुबी "आजी" म्हणाली. हाक तर नव्हतीच, नुसता कण्हण्याचा आवाज होता.

म्हातारी माझ्याआधी आत शिरली. रुबीच्या कपाळावर तिनं पालथा हात ठेवला आणि तिचं हसणं गेलं. तिनं काडेपेटी उचलली. थंडीनं तिची बोटं इतकी आखडली होती की तिला काडी निघेना. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. मग पेटी तिनं धरली आणि काडी मी ओढली. पाप निम्मं-निम्मं.

कोल्हापुरात, जिथं मला कुणी विचारणारं नव्हतं, तिथं मी एक शनिवार मोडला नाही. देवाच्या भूमीवर आले आणि चौथ्या दिवशी मोडला.

पाणी गरम झालं, रुबीच्या पोटात चार घोट गेले. तासाभरानं सलोमन डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर जीपमधून आला, शनिवारी! आणि आल्या आल्या खिशातून सिगारेट काढून माझ्याच स्टोव्हवर पेटवली. मी म्हटलं, हा तरी नक्की किरिस्ताव. सलोमन हळूच म्हणाला, "नाही आई. आपलाच."

कचेरी

रुबी आठवडाभरात उठून नळावर भांडायला लागली. माझ्या मनाला मात्र चैन पडेना. छावणीत एक वृद्ध धर्मपंडित यायचे, पांढरीशुभ्र दाढी. त्यांना विचारायचं ठरवलं. दुभाष्या म्हणून माझगावचा डॅनियल बरोबर घेतला. तिशीचा, रस्त्याच्या कामावर होता, सगळ्यांना मावशी म्हणायचा.

मी सगळं सांगितलं. पंडित डोळे मिटून ऐकत राहिले, मग एक वाक्य बोलले. डॅनियल म्हणाला, "मावशी, ते म्हणतात, तुम्हाला दोष लागत नाही."

"का लागत नाही?"

"का म्हणजे? नाही लागत."

"अरे, पोरीचा जीव होता म्हणून लागत नाही, की मी म्हणून लागत नाही?"

कारण असं की त्याच सुमाराला कचेरीत आम्हाला विचारत होते, तुमच्यात लग्नं कशी झाली, काडीमोड कसे झाले, आजीची आजी कोण होती. आमची माणसं कितपत आपली, हे म्हणे वरच्यांनी अजून ठरवायचं होतं. बोलावताना त्यांनी हे विचारलं नव्हतं. आता म्हणजे सोयरिकीला बोलावून जेवायला वाढल्यावर कूळ विचारण्यासारखं झालं की नाही? मला दुसऱ्याच्या घरात परकं ठरायची सवय होती, त्याचं काही वाटत नाही. पण आपल्या घरात?

डॅनियल परत विचारायला वळला, तोवर पंडित पुढच्या तंबूत गेले होते. नंतर कुणी म्हणालं, जीव वाचवायला पेटवणं तर कर्तव्यच आहे, कुणालाही. कुणी म्हणालं, ते त्यांनी तुमची समजूत काढली. मला खरं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही.

शेजारच्या म्हातारीचं नाव फ्रीदा. रुमानियाची. लढाईत तिचं सगळं घर गेलं, ती एकटी उरली. हे मला डॅनियलनं सांगितलं, ती स्वतः कधी बोलली नाही. ती रोज संध्याकाळी यायची, रुबीला मांडीवर घ्यायची. एकदा तिनं माझी चटणी पावावर लोण्यासारखी फासली आणि एक घास घेतला. डोळ्यांतून धारा. मी पाणी घेऊन धावले तर हात हलवून म्हणते, अजून दे. तेव्हापासून ती माझी मैत्रीण.

वल्हांडण आलं. मोठ्या मांडवात सगळे एकत्र बसले. शेवटी सगळे उठून म्हणाले, 'पुढल्या वर्षी यरुशलेमात.' मी सलोमनला विचारलं, "अरे, आलो ना आता? बसनं तीन तासांवर आहे. मग अजून का म्हणायचं?" तो म्हणाला, "म्हणायचं असतं." माझे आजेही हेच म्हणायचे.

वर्ष सरत आलं तेव्हा आमच्यातली काही माणसं कचेरीपुढं धरणं धरून बसली. आम्हाला परत पाठवा म्हणाली. काम नाही, राहायला धड नाही, रंगावरून बोलणी बसतात. बऱ्याच दिवसांनी वरून होकार आला. ज्याला जायचं त्यानं नाव द्यायचं.

त्या दिवशी सलोमन कामावरून आला, बूट न काढताच बसला.

"आई, मी जाणार नाही. मला आता इथल्या कारखान्यात घेतलंय. साराला घर मिळणार आहे, विटांचं."

"चांगलं झालं की."

"तू?"

मी रुबीकडं बघितलं. ती पाटीवर लिहीत होती, उजवीकडून डावीकडं. मला ती अक्षरं येत नाहीत. प्रार्थना मला सगळ्या पाठ, पण अक्षर एक ओळखता येत नाही. तिला आता झोपेतसुद्धा ती भाषा येत होती.

मी म्हटलं, "मी एक वर्ष म्हणाले होते."

"कुणाला? पारूबाईला?" सलोमन चिडला. "एका म्हशीवालीला दिलेला शब्द, आणि आम्ही?"

"बत्तीस वर्षांची आहे ती."

"काय बत्तीस वर्षांची?"

मी नाव दिलं. का दिलं ते आजही धड माहीत नाही. कुणी म्हणतं अपमान झाला म्हणून, कुणी म्हणतं यजमानांची कबर इथं म्हणून. असेल. पण मला वाटतं, माझ्याबद्दल काय ठरतंय त्याची वाट बघत बसायला माझ्याकडं वय उरलं नव्हतं. आणि इथं तर माझं ठरलेलंच होतं. इथं मी शनवारवाली वैनी.

निघताना रुबी रडली नाही. फ्रीदा रडली. रुबीनं फक्त विचारलं, "आजी, तू आली होतीस म्हणून मी आले. आता?"



परत

कोल्हापूर स्टेशनवर टांगेवाला म्हणाला, "पावनं कुठलं?" मी म्हटलं, "इथलीच रे." तो म्हणाला, "वाटत न्हाई." घ्या.

पहिला शनिवार उजाडला. दार वाजलं. पारू, हातात दुधाचं भांडं. मी काही म्हणायच्या आत आत शिरली, काडी ओढली, स्टोव्हला पंप मारला.

"वैनी, एक विचारू का? तिकडं शनवारी कोन पेटवत हुतं?"

"कुणी नाही. तिथं सगळे आपलेच ना."

पारू पंप मारता मारता थांबली. "आगं बया. येवढी सगळी आपली, आनि एक काडी वडाय कोन न्हाई?"

मी तिला फ्रीदाचं सांगितलं. ती इतकी हसली की दूध उतू गेलं.

सहा महिन्यांपूर्वी सलोमनचं पत्र आलं, त्यात हा कागद. एकदा परत गेलेल्यांनाही आता तिथलं सरकार पुन्हा घेतंय, पुन्हा भाडं देतंय, फक्त सही पाहिजे. खाली रुबीनं चार ओळी लिहिल्यात, तिकडच्या अक्षरांत. मला वाचता येत नाहीत. सलोमननं बाजूला मराठीत लिहिलंय: 'ती विचारते, शनिवारी आजीचा स्टोव्ह कोण पेटवतं? फ्रीदा म्हणते, तू इकडं आलीस तर पेटी ती धरेल.'

आता मी पश्चिमेला तोंड करून उभी राहते तेव्हा रंकाळ्याच्या पलीकडं एक विटांचं घर असतं, आणि त्यात एक पाटी. प्रार्थनेत दोनदा चुकते.

गेल्या शनिवारी पारूनं बरणी उचलली आणि खालचा कागद बघितला. तिला वाचता येत नाही, पण तिला सगळं कळतं.

"जानार का न्हाई, ते एकदा लिवून टाका की वैनी. पोरगी वाट बघत असंल."

मी म्हटलं, "आज शनिवार. आज आमच्यात लिहीत नाहीत."

"व्हय, ते हाय म्हना," ती म्हणाली, आणि काडी ओढली.

दर शनिवारी मी तिला हेच सांगते. रविवारी ती येत नाही, म्हणून बरं.